मॅनेजर जेवत नाही

जावयाला या सगळ्यातून मिळण्यासारखी गोष्ट एकच होती, ती म्हणजे गल्ल्यामागची खुर्ची. खुर्ची म्हणावी तर तिच्यात काही नव्हतं. बसायच्या जागी रेक्झिन फाटलेलं, डावा हात ढिला. पण चष्म्याच्या त्या दुकानात जो त्या खुर्चीत बसे तो मालक, आणि जो उभा राहून गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम बसवून बघे तो जावई. लग्न झाल्यापासून हा माणूस उभाच होता.

सासऱ्यांचा गुडघा बदलायचं ठरलं तेव्हा त्याने त्यांची इतकी सेवा केली की शेजारच्या खाटेवरचा पेशंट आपल्या मुलाकडे तिरक्या नजरेने बघू लागला. ऑपरेशन पार पडलं आणि प्रश्न आला जिन्यांचा. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सासऱ्यांची धाकटी बहीण, म्हणजे बायकोची आत्या, दुसऱ्या गावात तळमजल्यावर एकटी राहायची. ती म्हणाली, "दादा, माझ्याकडे ये. आतली खोली नुसती पडून आहे. तुझा गुडघा बरा होईल, मला सोबत होईल." सासऱ्यांनी हो म्हणायच्या आत जावयाने बॅग कपाटावरून खाली काढली होती.

निघताना सासरे म्हणाले, "हे बघा जावईबापू, तिकडे करमलं तर मी तिकडेच राहीन म्हणतो. या वयात किती जिने चढायचे? दुकान तुमचंच समजा. खुशाल खुर्चीत बसा. फक्त मॅनेजरकडे लक्ष द्या."

मॅनेजर म्हणजे कासव. तळहाताहून जरा मोठं, कानांच्या जागी तांबडे पट्टे असलेलं, पाण्यातलं. दुकानाच्या दर्शनी काचेमागे, फ्रेमांच्या मांडणीखाली, त्याची पाण्याची पेटी होती. दिवसभर काहीही न करता सगळ्यांच्या कामाकडे बघत राहायचं, म्हणून एका जुन्या गिऱ्हाइकाने त्याला मॅनेजर म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. सासूबाई गेल्या त्या वर्षी सासऱ्यांनी ते आणलं होतं. सासूबाईंशी ते फारसं बोलत नसत. त्या शिलकीतलं सगळं बोलणं मॅनेजरच्या वाट्याला आलं. रोज दुकान उघडलं की ते डब्याच्या झाकणावर अंगठी टकटक वाजवायचे, "चला मॅनेजर, जेवून घ्या" म्हणायचे आणि चिमूटभर वाळलेली कोळंबी पाण्यात टाकायचे. मॅनेजर हजर. जेवण उरकलं की तो पेटीतल्या विटेवर चढायचा, मागचे पाय लांब करायचा आणि काचेतल्या दिव्याखाली बराच वेळ पडून राहायचा. याला दुकानात 'मॅनेजर मीटिंगमध्ये आहेत' असं म्हणत.

खुर्चीत बसल्यावर जावयाने पहिला हुकूम काढला तो दिव्यांचा. दर्शनी काचेत सासऱ्यांच्या तरुणपणचे पिवळे बल्ब होते. फ्रेमा मळकट दिसायच्या आणि पुसायला हात घातला की भाजायचं. जावयाने ते सगळे उतरवले आणि पांढरे, चपटे, थंड दिवे बसवून घेतले. फ्रेमा लखलखल्या. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघायला लागली. आपण मुळात मालक व्हायलाच जन्मलो होतो असं जावयाला वाटायला लागलं, आणि खुर्चीचा ढिला हातही त्याने आवळून घेतला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मॅनेजर जेवेनासा झाला.

आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग बायको म्हणाली, "अरे, कोळंबी तशीच तरंगतेय. कालचीसुद्धा."

"भूक नसेल."

"डोळेही उघडत नाहीये."

"झोपला असेल. एवढं काय? मॅनेजर आहे तो."

पण दुसऱ्या दिवशीही तेच. जावयाने अंगठी नव्हती म्हणून किल्ली घेऊन झाकण वाजवलं. "चला मॅनेजर, जेवून घ्या," म्हणाला. आवाज जाड केला. मॅनेजर विटेच्या आडोशाला मान आत ओढून बसून राहिला. दुसऱ्या कंपनीची कोळंबी आणली, भिजवून दिली, चुरून दिली. पाणी गढूळ झालं, एवढाच फरक पडला.

चष्मेवाल्या घरात माणूस ओळखला जातो तो चष्म्यावरून. समोरून अमुक फ्रेम येतेय म्हणजे अमुक माणूस, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. तेव्हा मॅनेजर सासऱ्यांना कशावरून ओळखत असेल, याचं उत्तर जावयाला शोधावं लागलं नाही. त्याने खालच्या खणातून सासऱ्यांच्या फ्रेमेची जोड काढली. जाड, काळी, चौकोनी. तिचं उत्पादन कधीच बंद झालेलं. तिच्यात साध्या काचा बसवल्या आणि ती नाकावर चढवून तो पेटीसमोर उकिडवा बसला.

बायको दुकानामागच्या खोलीतून बाहेर आली. बराच वेळ बघत राहिली. "नंबर जास्त आहे का?" तिने विचारलं.

"कुणाचा?"

"त्याचा. त्याला तू दिसतच नाहीयेस."

जावयाने चष्मा काढला. बायको हसली नाही. अशा वेळी ती हसत नसे, हा तिचा वडिलांकडून आलेला गुण होता.

रोज संध्याकाळी सासऱ्यांचा फोन यायचा. त्यात पहिला प्रश्न मॅनेजरचा, दुसरा दुकानाचा. मुलीची चौकशी वेळ उरला तर. त्या दिवशी जावयाला लपवणं जमलं नाही. "जरा कमी जेवतोय," तो म्हणाला. आणि पलीकडून "का? काय केलंत?" असा प्रश्न आला तेव्हा त्याच्या तोंडून जे निघालं ते अगदी बिनखर्चाचं वाटलं म्हणून निघालं : "बाबा, त्याला बहुतेक तुमची आठवण येतेय."

फोन कट झाला का, हे जावयाने तो कानापासून लांब धरून पाहिलं.

"माझी?" सासरे म्हणाले.

"मग दुसऱ्या कुणाची येणार?"

आपली आठवण येते असं सासऱ्यांना आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. मुलीने नाही, सासूबाईंनी तर नाहीच. आता एक प्राणी अन्नपाणी सोडून बसला होता. त्यांनी लगेच व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. तिकडे आत्याने फोन धरला, इकडे जावयाने काचेला टेकवला.

"मॅनेजर," सासरे म्हणाले, "असं करू नये. जेवून घ्या."

मॅनेजरने पुढचा एक पाय किंचित हलवला. पाय कासव अधूनमधून हलवतंच. पण तिकडे सासऱ्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मागून आत्याचा आवाज आला, "दादा, इतकी वर्षं मी एकटी जेवतेय. माझ्यासाठी तुला कधी भरून आलं नाही ते."

"तू माणूस आहेस," सासरे म्हणाले.

"हो, तेच चुकलं माझं. चल, ताट वाढलंय. तुझं तरी गार नको व्हायला."

बातमी दुकानातून गल्लीत गेली. गिऱ्हाइकं फ्रेम बघायच्या आधी कासव बघू लागली. एका बाईंनी त्याच्यासमोर सासऱ्यांचा फोटो ठेवायला सुचवलं. शेजारचा बूटवाला म्हणाला, "याला म्हणतात निष्ठा. नाहीतर आमचा जावई." जावई सगळ्यांना मान डोलावून होकार देत होता. मॅनेजरचे डोळे आता सुजून फुगले होते आणि पापण्यांवर पांढरट साय धरल्यासारखी दिसत होती. "रडून रडून," बूटवाला म्हणाला.

शेवटी बायकोनेच मॅनेजरला ओल्या फडक्यात गुंडाळून बुटाच्या खोक्यात ठेवलं. "आठवण येते की काय ते डॉक्टर सांगतील. चल."

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मॅनेजरला वजनकाट्यावर ठेवलं, उलटा करून पाहिला, पाय ओढून पाहिले, मग भिंगातून डोळे पाहिले.

"डोळे कधीपासून असे?"

"हे गेल्यापासून," जावई म्हणाला. "म्हणजे आमचे सासरे. गावाला गेलेत. त्या दुःखाने डोळे मिटलेत त्याने."

"तुम्ही काय करता?"

"चष्म्याचं दुकान आहे."

"डोळे तपासता?"

"रोज."

बाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ड्रॉपचं नाव लिहिलं. "खायला काय देता?"

"वाळलेली कोळंबी. पहिल्यापासून."

"आणि?"

"आणि काही नाही. आवडते त्याला."

"तुम्हाला कुणी वर्षानुवर्षं नुसती बिस्किटं दिली तर तुम्हालाही आवडतील. अ जीवनसत्त्व कमी पडलंय. पापण्या त्यामुळे सुजल्यात. त्याला अन्न दिसतच नाहीये. आता पाण्याचं बोला. पाणी किती गरम असतं?"

"गरम? पाणी पाण्यासारखं असतं."

"दिवा?"

बायको म्हणाली, "आधी पिवळे बल्ब होते. तो त्यांच्याखाली विटेवर पडून राहायचा. ह्याने ते काढले आणि थंड दिवे लावले."

"कधी?"

"बाबा गेले त्याच आठवड्यात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आपल्यासारखी आतून ऊब नसते त्याला. बाहेरून घ्यावी लागते. थंड पडला की खाल्लेलं पचत नाही, म्हणून तो खातच नाही. त्याला कुणाची आठवण येत नाहीये. त्याला थंडी वाजतेय."

मग त्यांनी एक इंजेक्शन दिलं आणि बजावलं की हे जीवनसत्त्व आपल्या मनाने पाजायचं नाही, जास्त झालं तरी घात होतो. रोज उथळ टबात हनुवटीपर्यंत कोमट पाणी, त्यात त्याला थोडा वेळ बसवायचं. डोळ्यांत ड्रॉप. विटेच्या वर तापणारा दिवा, शेजारी उन्हाच्या बदल्यातला दुसरा दिवा, पण पेटीचा एक कोपरा गार ठेवायचा, म्हणजे नको तेव्हा त्याला बाजूला होता येईल. अंग तापल्यावरच खायला द्यायचं, आणि तेही पाण्यात, कारण कोरडं त्याला गिळता येत नाही. सुरुवात गांडुळाने, ते हलतं आणि त्याला वास असतो, दिसलं नाही तरी कळतं. पुढे छोटे मासे, किसलेलं गाजर, शिजवलेला लाल भोपळा, गडद हिरवा पाला. कोळंबी कधीतरी तोंडाला चव म्हणून. "आणि तोंड उघडून कोंबायचं नाही. जबडा दुखावेल. वाट बघायची."

परतताना खोका बायकोच्या मांडीवर होता. "मग? बाबांना सांगणार ना?"

"काय?"

"की बल्ब तू काढलेस."

"आणि डोळे? ते काय मी सुजवले? ती कोळंबी तुझ्या बाबांची."

"मग दोन्ही सांग."

जावयाने मनातल्या मनात मांडून पाहिलं. कोळंबीचं सांगावं तर सासरे विचारणार, डॉक्टर आणखी काय म्हणाले. बल्बचं सांगावं तर मालक झाल्याझाल्या मॅनेजर मारायला निघाला, असं कायमचं नाव लागणार. काहीच सांगू नये आणि मॅनेजरला खातं करावं. मग सांगावं की तो तुम्हाला विसरला, तुम्ही आत्यांकडे निवांत राहा. हा तिसरा मार्ग त्याला सगळ्यात किफायतशीर वाटला.

त्या दिवसापासून जावई दुकान उघडायच्या आधी बाही दुमडून टबात हात घालून बसू लागला. कोपराने पाणी तपासायचं, मॅनेजरला अलगद सोडायचं, बोटाचा आधार हनुवटीखाली ठेवायचा. पहिल्यांदा त्याला हे काम वाटलं. मग एका सकाळी मॅनेजरने त्याच्या बोटावर मान टेकली आणि तशीच राहू दिली, तेव्हा जावई टब गार होईपर्यंत उठला नाही. गिऱ्हाईक दारात उभं होतं. त्याला त्याने हाताने थांबायची खूण केली. खुर्ची रिकामी होती, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

आणि नेमका तेव्हाच सासऱ्यांचा फोन आला. "मी परत येतोय."

"कशाला?" जावई म्हणाला. फार पटकन म्हणाला.

"कशाला म्हणजे? तो मुका जीव माझ्यासाठी उपाशी बसलाय आणि मी इथे बहिणीशी पत्ते खेळतोय. गाडी ठरवलीय. जिने चढेन हळूहळू."

आता किफायतशीर मार्ग संपला होता. जावयाने एक खोल श्वास घेतला आणि सगळं खरं सांगून टाकलं. बल्ब आपण काढले. कासव गारठलं म्हणून खात नव्हतं. आठवणीचं आपण बनवून सांगितलं, आपली चूक झाकायला. तुम्ही याल म्हणून काही फरक पडणार नाही. दिवा लावला आहे, तो खाईल. खरं बोलण्याचा एवढा मोठा साठा त्याने आयुष्यात एका दमात कधी खर्च केला नव्हता.

पलीकडून सासऱ्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "जावईबापू, मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं."

"बाबा?"

"माझ्या गुडघ्याला त्रास होऊ नये म्हणून सगळं स्वतःच्या अंगावर घेताय. एवढं मन असेल असं वाटलं नव्हतं."

"अहो, पण खरंच बल्ब..."

"असू दे. कळलं मला. येतोच आहे."

आत्या फोनवर आली. "काय सांगितलंत हो त्याला? बॅग भरतोय तो. आता कुठे जरा घरात बोलणं सुरू झालं होतं." जावयाने तिलाही बल्बचं सांगितलं. तिला ते पटलं. पण तिच्या पटण्याने बॅग थांबणार नव्हती.

सासरे यायच्या आदल्या दिवशी मॅनेजरचा डावा डोळा उघडला. बायकोने चिमट्यात गांडूळ धरून कोमट पाण्यात नाकासमोर हलवलं. मॅनेजरने मान पुढे काढली, वास घेतला, मागे गेला, पुन्हा पुढे आला आणि झडप घातली. दोघं नवराबायको टबावर वाकून बघत होती. गांडुळाचं शेपूट तोंडाबाहेर वळवळत होतं.

"गिळ," जावई म्हणाला. "गिळ रे बाबा."

ते त्याने गिळलं. बायकोने नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली आणि हात ओला असल्याचं नंतर तिच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासरे काठी टेकत दुकानात शिरले. मागे बूटवाला आणि इतर पाच-सहा मंडळी. सासऱ्यांनी कुणाकडे न बघता कोळंबीचा डबा उचलला आणि झाकणावर अंगठी वाजवली. मॅनेजर नव्या दिव्याखाली विटेवर तापत पडला होता. आवाज ऐकून त्याने मान वळवली आणि धपकन पाण्यात उतरला. "आहा!" बूटवाला म्हणाला. टाळ्या वाजल्या. सासऱ्यांचा चष्मा धुकटला. त्यांनी डब्यात हात घातला आणि चिमूट नव्हे, चांगली मूठभर कोळंबी काढली. "इतक्या दिवसांचा उपाशी आहे. आता रोज एवढीच. दुसरं काही नको त्याला."

"बाबा, कोळंबी नको," मुलगी म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय. त्यानेच डोळे..."

"डॉक्टरांना काय कळतं? त्याला काय हवं ते मला माहीत आहे. बघितलंस ना आत्ता?"

सगळ्यांनी बघितलं होतंच. मूठ पाण्यावर आली. मॅनेजर खालून मान वर करून वाट बघत होता. उजवा डोळा अजून अर्धा मिटलेला.

जावयाकडे गाजराच्या किसाची वाटी होती. खरं बोलून झालं होतं, त्याला भाव मिळाला नव्हता. ज्याला भाव मिळेल असं एकच वाक्य शिल्लक होतं, आणि ते बोललं की पुढे काय होणार हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याने गल्ल्यामागे एकदा बघून घेतलं.

"बाबा," तो म्हणाला, "कोळंबी काय, ती कुणाच्याही हातून खाईल तो. गाजर आम्ही देऊन पाहिलं, तोंड फिरवतो. पाला दिला, नाही. भोपळा, नाही. मला वाटतं तुमच्या हातून खाईल. तुमच्याच हातून. पण रोज द्यावं लागेल."

मूठ हवेत थांबली.

"माझ्या हातून गाजर खाईल?"

"दुसऱ्या कुणाच्या हातून नाही."

सासऱ्यांनी कोळंबी डब्यात परत टाकली, हात पुसले आणि वाटी घेतली. चिमूटभर कीस पाण्यात सोडला. मॅनेजरने तो हुंगला, उगाच थोडं थांबला आणि खाल्ला. "बघा," सासरे मंडळींना म्हणाले. मग काठी बाजूला टेकवून ते गल्ल्यामागे गेले आणि खुर्चीत बसले. "रोज द्यायचं म्हणजे मला रोज यायला हवं. हा हात कुणी आवळला? छान केलंत."

हिशोब असा झाला. मॅनेजरला ऊन, गाजर, पाला आणि दोन्ही डोळे मिळाले. त्याचं गेलं काहीच नाही. सासऱ्यांना आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं हे कळलं, आणि त्यापुढे रोजचे तीन मजले त्यांना स्वस्त वाटले. मुलीला मॅनेजर आणि वडील दोघं परत मिळाले. जेवायची वेळ झाली की दोघांनाही हाका मारायचं काम तिच्याकडे आलं. जावयाची खुर्ची गेली. तो पुन्हा उभा राहून फ्रेमा बसवू लागला, फक्त सकाळचं कोमट पाणी आणि गाजर किसणं त्याने कुणाला दिलं नाही. आणि आत्याने, जिला यातलं कुणी काही विचारलं नव्हतं, आतल्या खोलीतली गादी गुंडाळली, पत्त्यांचा कॅट खणात टाकला आणि संध्याकाळी एकच ताट घेतलं.